पिल्लाला थंडी खालून लागते

परभणीजवळच्या एका आखाड्यावर राहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: माळेगावच्या यात्रेतून दोन महिन्यांचं कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, पडवीत ठेवलं, पण पहाटे ते कुईंकुईं करतं आणि अंग थरथर कापतं. घरात 11 वर्षांचा गावरान कुत्रा आहे, तो सकाळी उठताना मागचे पाय ओढतो. शिवाय एक बोका आहे. स्वेटर घ्यावेत का, खोलीत हीटर लावावा का, आणि शेजारचे म्हणतात तसे पिल्लाला ब्रँडीचे दोन थेंब द्यावेत का?

ताई, ब्रँडीचं आधी सांगतो. बाकीचं उद्या केलं तरी चालेल, हे मात्र आजच थांबवा. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. हाताला अंग गरम लागतं, आपल्याला वाटतं गुण आला. पण पोटातली ऊब त्याच वाटेने बाहेर निघून जाते आणि पिल्लाच्या रक्तातली साखरही उतरते. एवढ्याशा जिवाला थेंबाचाही हिशोब नाही. कापूर चोळणं, बाम लावणं, निलगिरीचं तेल नाकाला लावणं हेही नको. पिल्लू ते चाटतं आणि विष पोटात जातं.

आता मूळ मुद्दा. मी 22 वर्षं या भागात जनावरं तपासतो आहे. दर डिसेंबरात पिल्लू घेऊन येणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारतो, "हे झोपतं कशावर?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "वाकळ घालतो ना डॉक्टर, दोन-दोन घालतो." म्हणजे वरून पांघरूण भरपूर आणि खाली उघडी शहाबादी फरशी, नाहीतर एक विटकं पोतं. शहाबादी रात्रभर गार होत जाते आणि पहाटे तिला टेकलेल्या पोटातली ऊब ओढत राहते. पिल्लाच्या पोटावर केस नसल्यात जमा. तुम्ही अनवाणी पायाने पहाटे पाच वाजता पडवीत पाच मिनिटं उभ्या राहून पाहा, मग लेकरू का रडतं ते कळेल.

आपल्या भागातली थंडी फसवी आहे. लाट आली की परभणीत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी 27-28 वर जातो. दुपारी अंगणात लोळणारं पिल्लू बघून माणूस निर्धास्त होतो. खरा घात पहाटे तीन ते सूर्य वर येईपर्यंतच्या तीन-चार तासांत होतो, आणि त्या वेळी आपण झोपलेले असतो. तुमची पडवी पत्र्याची असेल तर आणखी एक गोष्ट बघा: पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंब थेंब खाली गळतं. पिल्लाची वाकळ ओलसर लागत असेल तर ते मुतलं असेलच असं नाही, वरून गळालं असेल. ओली वाकळ ही वाकळ नसल्यापेक्षा वाईट.

त्यात तुमचं पिल्लू कारवानी. ही जात सशामागे पळण्यासाठी घडलेली. पातळ कातडी, आखूड केस, बरगड्यांवर चरबीचा पत्ता नाही. पश्मी या तिच्या जवळच्या जातीच्या कानाशेपटीवर रेशमी केस तरी असतात, कारवानीला तेही नाहीत. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते, म्हणजे ऐन थंडीत. तिथून पिल्लं पिशवीत, डिकीत, टेम्पोत बसून येतात आणि आईच्या अंगाची ऊब सुटलेल्या पहिल्याच रात्री फरशीवर झोपतात. बरेच लोक मला म्हणतात, "चांगल्या जातीचं म्हणून आणलं, पण नाजूक निघालं." ते नाजूक नाही. उन्हात-माळावर हाच कुत्रा बाकी सगळ्यांना मागे टाकतो. त्याच्याकडे थंडीचा कोट नाही, तो आपण पुरवायचा एवढंच. हस्की किंवा जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांनी आपल्या थंडीची धास्ती घेऊ नये, त्यांचं संकट एप्रिल-मेमध्ये आहे.

अंथरूण असं करा. दोन विटा आडव्या मांडून त्यावर लाकडी फळी किंवा जुना पाट ठेवा, जमिनीपासून चार-पाच इंच वर. फळीवर एका स्वच्छ पोत्यात गव्हाचा भुसा नाहीतर कडब्याची बारीक कुट्टी सैल भरून त्याची गादी करा. सोयाबीनचं भुसकट टाळा, ते टोचतं आणि त्याच्या धुळीने शिंका सुरू होतात. गादीवर जुनी सुती साडी चौपदरी घडी करून, आणि त्यावर वाकळ अशी गोल करून ठेवा की मध्ये खळगा राहील. पिल्लू त्या खळग्यात वेटोळं करून बसतं आणि स्वतःच्या अंगानेच जागा तापवतं. हे सगळं एका लाकडी खोक्यात बसवलं तर उत्तमच. पण खोकं मोठं नको. पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल, पाय मुडपून झोपता येईल एवढंच पुरे. लोक हौसेने गाढव मावेल एवढं घर बांधतात आणि त्यातली हवा त्या बिचाऱ्याच्या अंगाने तापतच नाही. खोक्याचं तोंड दक्षिणेकडे करा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, ऊन आत येतं. तोंडावर गोणपाटाचा पडदा अर्धा सोडा, पूर्ण नको, हवा खेळली पाहिजे.

रोज सकाळी दहाला ते सगळं अंथरूण उन्हात टाका आणि चारच्या आत उचला. उन्हाने ओल जाते, आणि गोचीडही कमी राहतात. आपल्याकडे दुपारी ऊन तापतं म्हणून हिवाळ्यातही गोचीड पूर्ण थांबत नाहीत, भिंतीच्या फटीत आणि जुन्या पोत्यांच्या शिवणीत दबा धरून असतात. मला जानेवारीतही गोचीडतापाचे कुत्रे बघावे लागतात.

एवढं करून पहाटे एकदा उठा आणि तळहात वाकळीखाली घाला. उबदार, कोरडं लागलं तर काम झालं. गार लागलं तर ऊब पुरवावी लागेल.

ऊब पुरवण्याच्या बाबतीत हल्ली एक नवीनच घोटाळा बघतो. परवा एक जण सांगत होता, "डॉक्टर, चार दिवस झाले, बल्ब लावून ठेवलाय डोक्यावर, तरी कुडकुडतं." जाऊन बघितलं तर खोक्यावर एलईडी बल्ब. लख्ख उजेड, ऊब शून्य. पूर्वीचा तारेचा पिवळा बल्ब ऊब द्यायचा, त्याची सवय हाताला राहिली आहे. तो 60 वॅटचा पिवळा बल्ब मिळाला तर लावा, पण खोक्यापासून निदान दोन हात उंच, वायर पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही अशी, आणि खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर. दुसरा कोपरा गार राहू द्या. पिल्लाला गरम झालं तर सरकायला जागा हवी.

पण आखाड्यावर रात्री लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मी गरम पाण्याच्या बाटलीवर जास्त विसंबतो. एक लिटरच्या जाड बाटलीत हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी भरा, उकळतं नको. झाकण घट्ट लावून जुन्या पंचाचे दोन वेढे द्या आणि वाकळीच्या एका कडेला खुपसा. रात्री अकराला एक ठेवली तर तीनपर्यंत साथ देते, तीनला बदलली की सूर्य निघेपर्यंत निभावतं. बाटली नसेल तर तव्यावर वाळू गरम करून कापडाची पोटली करा. उघड्या बाटलीला पिल्लू टेकलं तर कातडी भाजते आणि ते दोन दिवसांनी सोलल्यावर कळतं, म्हणून कापडाचे वेढे विसरू नका.

कॉइलचा हीटर पिल्लासमोर ठेवून माणसाने झोपायचं नाही. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको. तिचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि त्याने माणूस व जनावर दोन्ही झोपेतच जातात. शेकोटी अंगणात करा, सगळे मिळून शेका, पण झोपायला जाताना राखेवर पाणी शिंपडा. राखेत लोळून पाठ भाजलेले कुत्रे दर हिवाळ्यात येतात.

स्वेटर? तुमच्या कारवानीला हो. गावरान म्हाताऱ्यालाही चालेल. मात्र दुकानातले स्वेटर या जातीच्या खोल छातीला बसत नाहीत, पोटाशी ढगळ आणि मानेशी आवळ होतात. घरातल्या जुन्या लोकरी स्वेटरची बाही कापून दोन भोकं पाडा, दोन महिन्यांच्या पिल्लाला ती नेमकी बसते. संध्याकाळी घाला, सकाळी ऊन आलं की काढा. दुपारच्या 28 अंशांत स्वेटर ठेवला तर खाज मागे लागते. ओला झाला की लगेच बदला. आणि रात्री पिल्लू एकटं झोपणार असेल तर स्वेटरपेक्षा अंथरुणावरच भर द्या. दात शिवशिवत असतात, बाही कुरतडून धागा गिळतात, नाहीतर पाय अडकून बसतो. स्वेटर दुय्यम आहे. मला निवडायला सांगितलं तर मी आधी फळी निवडेन.

आता थरथरण्याबद्दल, कारण इथे चूक जिवावर येते. घरात एक डिजिटल थर्मामीटर ठेवा, फक्त जनावरांसाठी. टोकाला थोडं खोबरेल लावून शेपटीखाली, गुदद्वारात अर्धा-पाऊण इंच सरकवा आणि बीप होईपर्यंत धरा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. पिल्लू कापतंय आणि आकडा 99 च्या खाली असेल तर ती थंडी आहे. कापतंय आणि आकडा 103.5 च्या वर असेल तर तो ताप आहे, तिथे बाटल्या-वाकळी घालत बसू नका, डॉक्टर गाठा. यात्रेतल्या गर्दीतून आलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही शंका मनात ठेवायलाच हवी. डिस्टेंपर आणि पार्वो हे पिल्लांचे दोन जीवघेणे आजार. डिस्टेंपरचा विषाणू गारव्यात जास्त टिकतो आणि पार्वोचा तर जमिनीत महिनोन्महिने राहतो. डोळ्यांना चिपडं, नाकातून पिवळा शेंबूड, उलटी किंवा घाण वासाची रक्ताळ हगवण यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशीच दाखवा.

आणखी एक: कापणं हे एका अर्थी चांगलं लक्षण आहे. शरीर झगडतंय. कापणं थांबलं, पिल्लू ढिलं पडलं, हिरड्या पांढुरक्या, कान आणि पंजे बर्फासारखे, हाक मारली तरी मान उचलत नाही, ही खरी घाबरण्याची वेळ. "आता शांत झोपलंय" म्हणून अशा पिल्लाला सोडून देतात आणि सकाळी ते उठत नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एक सालगडी घमेल्यात पाच पिल्लं घेऊन आला होता, जेमतेम चार दिवसांची. कुत्री तुरीच्या शेतात व्याली होती. वरून पोतं झाकलेलं, खाली उघडं लोखंडी घमेलं. चार पिल्लं एकमेकांत तोंड खुपसून होती, पाचवं कडेला, दगडासारखं गार, आणि त्याच्या नाकपुडीतून दुधाचा बुडबुडा येत होता. सालगड्याच्या बायकोने मायेने कापसाच्या वातीने दूध पाजलं होतं. तिची चूक नव्हती, आपण सगळे हेच करतो, मलूल लेकरू दिसलं की आधी तोंडात काहीतरी घालतो. पण अंग गार पडलं की आतडी काम थांबवतात, गिळण्याची ताकदही जाते, आणि दूध पोटात कुजतं नाहीतर फुफ्फुसात उतरतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कापताही येत नाही, त्याचं तापमान मुळातच 95 ते 99 फॅरनहाइटच्या दरम्यान असतं आणि त्याला भोवती 30 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. 94 फॅरनहाइटच्या खाली गेलेल्या पिल्लाला दूध द्यायचंच नाही. आधी ऊब, तीही सावकाश. मी ती चार पिल्लं शर्टाच्या आत छातीशी घेतली, बाटल्या लावल्या, दर दहा मिनिटांनी कूस बदलली. दीड तासाने अंग कोमट झालं, हिरडीला बोटाने मधाचा स्पर्श केला, एक जण बोट चोखू लागला. मग दूध. ती चारही जगली. पाचवं दुसऱ्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. तेव्हापासून पिल्लं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो: गार पिल्लाला आधी ऊब, मग दूध.

तुमचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे, त्याला दिवसातून चार वेळा खायला द्या आणि शेवटचं जेवण रात्री दहाच्या पुढे. पोटात अन्न जिरत असलं की अंग आतून तापतं. नुसतं म्हशीचं दूध-चपाती नको. म्हशीचं दूध जड पडतं, पोट बिघडतं, मागचं अंग ओलं राहतं आणि मग गारठा धरतो. ज्वारीची भाकरी मऊ कुस्करून त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याची कोंबडी, वरून चमचाभर तेल, असं द्या. कांदा, लसूण, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट नको. हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी असते, प्रत्येक जण चटणी-भाकरीचा तुकडा टाकतो, तेवढं आवरा. जंताचं औषध आणि लस राहिली असेल तर पिल्लू ठणठणीत असताना सुरू करा. लस सहा-आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पहिले दहा दिवस पिल्लाला म्हाताऱ्यापासून वेगळं ठेवा. पिल्लू निरोगी आहे अशी खात्री पटली आणि म्हाताऱ्याने त्याला जवळ केलं, तर दोघांना शेजारी झोपू द्या. त्याच्यासारखा हीटर बाजारात मिळत नाही.

तुमच्या म्हाताऱ्याचं दुखणं सांध्याचं वाटतं. बघितल्याशिवाय नक्की बोलणार नाही, पण 11 वर्षांचा कुत्रा सकाळी आखडतो आणि दहाला ऊन खाऊन मोकळा होतो, हे बहुधा तेच. त्यालाही जमिनीपासून वर गादी, जरा जाड. आमच्याकडे बाजेवर चढणारे म्हातारे कुत्रे असतात, त्यांना चढ-उतार नको, फळीच बरी. सकाळी उठल्या उठल्या पळवू नका. आधी कंबर आणि मांड्या कोमट फडक्याने दहा मिनिटं शेका, हलक्या हाताने चोळा, मग फिरवा. वजन वाढलं असेल तर उतरवा. घरातच झोपत असेल तर हिवाळा आहे म्हणून जास्त खाऊ घालू नका, जास्तीचं अन्न बाहेर राखणीला असणाऱ्याला लागतं. एक कळकळीची विनंती, माणसांची अंगदुखीची गोळी त्याला देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बसतात. काळी डांबरासारखी शी व्हायला लागली की लोक येतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्यासाठी वेगळी औषधं आहेत, वजन करून दिली जातात.

अंघोळ महिन्यातून एकदा, भर दुपारी, कोमट पाण्याने, आणि पंचाने पुसून पूर्ण वाळेपर्यंत उन्हात. पाऊस-धुक्याचे दिवस असतील तर राहू द्या, नुसतं खरारा केल्यासारखं ब्रशने विंचरा.

बोक्याकडे आता येतो. मांजर ऊब शोधण्यात आपल्यापेक्षा हुशार असतं आणि त्याच हुशारीने गोत्यात येतं. चूल विझली की ते राखेत जाऊन झोपतं. सकाळी अंधारात काडी लावण्याआधी चुलीत हात नाही तर निदान उलथणं फिरवा. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. हे दोन्ही न केल्याने भाजलेली, पट्ट्यात सापडलेली मांजरं मी शिवली आहेत.

पण बोक्याचा मोठा धोका वेगळाच आहे. थंडीत मांजर पाणी कमी पितं, लघवी घट्ट होते आणि बोक्याची मूत्रनळी मुळातच बारीक, ती तुंबते. बोका सारखा मातीत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मागचं चाटत राहतो आणि थेंबही येत नाही. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालं, एरंडेल द्या. ताई, हे दिसलं तर रात्र काढू नका, 24 ते 48 तासांत बोका जातो. टाळायचं असेल तर पाणी कोमट करून दिवसातून दोन-तीनदा बदला, वाटी जेवणापासून दूर ठेवा, आणि खाण्यात रस्सा, बिनमिठाचं कोंबडीचं पाणी घाला.

बोक्याला सर्दी झाली तर माणसांची पॅरासिटामॉल त्याला अजिबात देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही. चार किलोच्या मांजराला 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरे. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. "लेकराला देतो ती अर्धी गोळी दिली" असं रडत सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा जीवही तितकाच तुटलेला असतो.

पिल्लू दाखवायला नेताना मोटारसायकलच्या डिकीत किंवा पिशवीत नेऊ नका, मागे बसणाऱ्याने शालीच्या आत छातीशी धरावं आणि बाटली सोबत घ्यावी. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुम्हाला जवळ आहे, लातूरकडच्यांना उदगीरचं महाविद्यालय आहे. पशुसंवर्धनाचा 1962 हा टोल फ्री क्रमांकही फोनमध्ये ठेवा. निघण्यापूर्वी तापमान किती होतं, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, काय औषध दिलं हे कागदावर लिहून घ्या. ब्रँडी दिली असेल तर तेही न लाजता सांगा. आम्ही कुणी रागावत नाही, आणि तेवढ्या माहितीवर उपचाराची दिशा बदलते.